डावीकडून वाचलेला राक्षस

"वन मिनिट. टुडे ही इज अँग्री."

मास्तर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. इथे ऑस्ट्रेलियात, टार्निटच्या नव्या घरात सामान उतरवून मी शेजाऱ्यांना हाय म्हणायला गेलो, तर शेजारच्या गॅरेजचं शटर उघडं आणि आत साठीपुढचे एक जपानी गृहस्थ आरशासमोर उभे. दात बाहेर, डोळे वटारलेले, नाकपुड्या फुगवलेल्या. मला वाटलं, ह्यांना झटकाबिटका आला. "आर यू ओके, मेट?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी चेहरा जराही न हलवता वरचं उत्तर दिलं. मग वळून टेबलावरच्या कागदावर भराभर चार रेघा ओढल्या, आणि एकदम सभ्य माणसासारखे माझ्यापुढे कमरेत वाकले.

"ही" म्हणजे राक्षसांचा राजा. मास्तर मांगा काढत, म्हणजे जपानी चित्रकथा. मुलगी इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आली, नोकरीला लागली, घर घेतलं, आणि आई गेल्यावर वडिलांना घेऊन आली. वडिलांनी आल्या आल्या गॅरेज बळकावलं. मुलीची गाडी तेव्हापासून बारा महिने बाहेर, ऊन-पाऊस खात. मास्तर आत बसून चित्रं काढत आणि स्कॅन करून जपानमधल्या मासिकाला पाठवत. संपादकाचा फोन आला की फोनला वाकून नमस्कार करत. फोन कानाला लावूनच वाकत, त्यामुळे टेबलावर डोकं आपटायचं.

मास्तर हे नाव माझ्या आईने दिलेलं. जपानमध्ये अशा चित्रकाराला गुरुजी म्हणतात, असं मी तिला सांगितलं होतं. सांगलीच्या बाईला तेवढं पुरलं.

त्यांची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. एक राक्षसराजा जग जिंकायला निघालाय, वर्षानुवर्षं निघालाय, पण घरातून काही त्याचा पाय निघत नाही. कधी किल्ल्याचं गटार तुंबतं, कधी ड्रॅगनला सर्दी होते. आणि रोज सकाळी त्याची एक चप्पल सापडत नाही. एका अंकात म्हणे मोठं महायुद्ध झालं होतं. ते मास्तरांनी पानाच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढ्या चौकटीत उरकलं, आणि उरलेलं अख्खं पान राजा पलंगाखाली चप्पल शोधतोय त्याला दिलं.

राजाचे खवले ते एकेक करून काढत. त्याच्या अंगरख्याला ठिगळ असे आणि ठिगळाला टाकेसुद्धा. उलट त्याला मारायला येणाऱ्या हीरोचा चेहरा तीन रेघांत संपायचा. मी विचारलं, हे असं का? ते म्हणाले, "हीरो, ऑल सेम फेस. मॉन्स्टर, मच वर्क."

तरुणपणी ते दुसऱ्या एका चित्रकाराकडे मदतनीस होते. तिथे त्यांना फक्त दगड काढायला देत. डोंगरातले, नदीतले, हीरोने लाथ मारून उडवलेले, सगळे दगड त्यांचेच. वर्षानुवर्षं दगड काढून माणूस एकतर वेडा होतो किंवा दगडांवर त्याचा जीव जडतो. मास्तरांचं दोन्ही झालं असावं. त्यांच्या गोष्टीतले दगडसुद्धा कंटाळलेले, रुसलेले, नुकतेच जेवून सुस्तावलेले दिसत.

मग व्हिजिटर व्हिसावर आई आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने खिडकीतून मास्तरांना जीभ बाहेर काढून गुरगुरताना पाहिलं. मी घाईघाईने समजावायला लागलो, तर ती म्हणाली, "अरे, सिंहमुद्रा करतायत. घशाला चांगली असते. पण चुकतंय त्यांचं."

आणि ती गेली की सुधारायला. मी मागोमाग पोचलो तोवर दोघं समोरासमोर उभी, जिभा हनुवटीपर्यंत बाहेर, डोळे भुवयांच्या मधोमध. आई मराठीत म्हणत होती, "पोटातून, मास्तर, पोटातून," आणि मास्तर पोटातून गरजत होते. थांबल्यावर त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं, "युअर मदर, व्हेरी स्ट्राँग फेस." पुढच्या अंकात राक्षसराजाची आई गावाहून राहायला आली. अंबाडा, चष्मा, दोन शिंगं. ती येते आणि सगळ्या सैन्याला सिंहमुद्रा करायला लावते. आईला ते पान इतकं आवडलं की तिने ते सांगलीच्या अख्ख्या भिशी ग्रुपवर टाकलं.

त्यानंतर तिचा रोजचा शिरस्ता पडला. अकराला चहा घेऊन जायचं आणि गॅरेजमध्ये स्टुलावर बसायचं. ती मराठीत सुनांबद्दल बोले, ते जपानीत बहुधा संपादकाबद्दल. दोघांनाही एकमेकांचं पटत असे.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना एका दुपारी बाहेर आरडाओरडा झाला. पार्सल द्यायला आलेला पोरगा ड्राइव्हवेवर उभा राहून मदतीला हाका मारत होता. मी धावलो. मास्तर गॅरेजच्या फरशीवर उताणे पडलेले, डोळे सताड उघडे, तोंड वासलेलं. मी अँब्युलन्सला फोन लावायला घेतला. तेवढ्यात त्यांचं एक बोट वर झालं.

"वन मिनिट. टुडे ही इज डेड."

त्यांच्या तोंडाच्या बरोबर वर, छताला एक आरसा टांगलेला होता. पार्सलवाला पार्सल तिथेच टाकून, माझ्याकडे रागाने बघत निघून गेला.

मास्तर उठून बसले आणि त्यांनी सांगितलं ते असं. मासिकाने गोष्ट बंद करायचं ठरवलं होतं. शेवट संपादकानेच सांगितला होता: हीरो राजाला मारतो, संपलं. आणि मास्तरांना काही केल्या मेलेला चेहरा जमत नव्हता. कधी हसू फुटे, कधी भलतंच काही. "ही डाय," ते आरशाकडे बघत म्हणाले, "देन टुमॉरो मॉर्निंग, आय मेक व्हॉट फेस?"

मी पडलेलं पार्सल उचलून टेबलावर ठेवलं. मला फार वाईट वाटलं.

तरी त्यांनी शेवटचं प्रकरण काढलं. एका पानावर एकच चित्र, आणि शब्द एकही नाही. मेलेल्याजवळ बडबड करू नये, असं त्यांचं म्हणणं. शाई वाळायला पानं त्यांनी परसातल्या छत्रीसारख्या गोल फिरणाऱ्या कपड्यांच्या दोरीवर ओळीने चिमटे लावून टांगली. जपानी गोष्ट उजवीकडून डावीकडे वाचायची असते. उजवीकडून पहिल्या पानावर राजा चहा पितोय, मग हीरो दारात, मग हीरोची तलवार, मग जमिनीवर पडलेला राजा, आणि शेवटी नुसत्या दोन चपला.

आई चहा घेऊन आली आणि आपण वाचतो तशी डावीकडून चित्रं बघायला लागली.

"अगंबाई, दोन्ही चपला सापडल्या. पण हा पडलाय. चक्कर आली असणार, रिकाम्या पोटी हिंडतो मेला. मग तो पोरगा धावून आला. तलवार कशाला आणली कोण जाणे. दारातून परत गेला, आणि हा उठून चहा पितोय." तिने कप मास्तरांच्या हातात दिला. "छान झालाय शेवट. उठला एकदाचा."

मास्तर माझ्याकडे बघत होते. मी ओशाळून भाषांतर केलं आणि म्हटलं, सॉरी, तिने उलटं वाचलं.

"से अगेन," ते म्हणाले. "ही गॉट अप?"

चहा तसाच ठेवून त्यांनी दोरी गरकन फिरवली आणि पानं डावीकडून बघितली. मग उजवीकडून. पुन्हा डावीकडून. आणि सगळे चिमटे काढून गॅरेजमध्ये शिरले.

तीन पानं त्यांनी नव्याने काढली. तलवार अशी खाली धरलेली, की मारून झालंय की मारायचंच नाहीये, कळू नये. हीरो उंबरठ्यावर असा आडवा उभा, की आला की निघाला, सांगता येऊ नये. त्याच्या तीन रेघांच्या चेहऱ्याचा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उपयोग झाला. पडलेल्या राजासाठी ते पुन्हा फरशीवर आडवे झाले, ह्या वेळी डोळे मिटून. आईने स्टुलावरून वाकून पाहिलं. "आता बरोबर. डोळा लागल्यासारखं दिसतंय."

संपादकाने उजवीकडून वाचलं. राजा मेला, त्याचं समाधान झालं. त्याला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. फोन ठेवल्यावर मास्तर इतके हसले की त्यांना सिंहमुद्रा करून घसा मोकळा करावा लागला.

आई सांगलीला परतली. पुढच्या हिवाळ्यात, एका दुपारी, मास्तरांचा गॅरेजमधल्या खुर्चीत डोळा लागला, तो उघडलाच नाही.

मुलीची गाडी अजूनही बाहेरच असते. शटर मात्र बंद. सकाळी तिथून जाताना मी उगाच थांबतो.

मागच्या आठवड्यात तिने मला एक पुस्तक आणून दिलं. शेवटचा भाग, नुकताच छापून आलेला. मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं.

"आपल्या बाजूने उघड," ती म्हणाली.

मी डावीकडून उघडलं. दोन चपला. मग जमिनीवर राजा, आणि तो चेहरा राजाचा नव्हताच, आम्हा दोघांनाही लगेच कळलं. मी पानं उलटत गेलो. तलवार. उंबरठा. आणि चहा.

"उठले बघ मास्तर," आई म्हणाली. "चहा घेतायत."