बोअरचं पाणी

आमच्या औशात कॉफी म्हणजे पाहुणे आले की दुधात घालायची पूड. आणि शेजारच्या अजीजभाईंच्या घरी एस्प्रेसो मशीन! जन्मभर बाजारात स्टो आणि कुकर दुरुस्त केलेला माणूस, स्वतः पक्का चहाबाज. मशीन लेकीची, हुमाची. पुण्यात नोकरीला असताना तिनं हौसेनं घेतली. लग्न होऊन मस्कतला निघाली तेव्हा सामानात बसेना, म्हणून बापाकडं ठेवली. "मी आले की पिणार, चालू ठेवा," म्हणाली. अजून यायची आहे. अजीजभाईंच्या बीवी, रहमतबी भाभी, तर आधीच वारलेल्या. घरात उरले अजीजभाई आणि मशीन.

ही मशीन सारखी बिघडायची. कॉफीची धार थेंबाथेंबावर यायची, वाफेची नळी नुसती फुसफुसायची. मग जुम्म्याची नमाज झाली की अजीजभाई ओट्यावर तिचे भाग मांडायचे आणि समोर फोन उभा करून हुमाला दाखवायचे. तिला तिकडं शुक्रवारची सुट्टी. "अब्बा, फिर बोअर का पानी डाले क्या?" म्हणून ती रागवायची. मग लिंबूफुलाचं पाणी आत सोडायचं आणि पांढरा क्षार सुटेपर्यंत बापलेकीच्या गप्पा. एरवी तिचा फोन म्हणजे 'जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवते'. दुरुस्तीनंतरची पहिली कॉफी मात्र माझ्या माथी. त्यापेक्षा कारल्याचा रस बरा.

एकदा बघते तर काय, पिण्याच्या पाण्याचा जार शेजारी भरलेला आणि हे मशीनची टाकी बोअरच्या नळाखाली धरून उभे! माझं डोकंच फिरलं.

"काय करायलात, अजीजभाई? या पाण्यानं बादलीबी पांढरी पडती!"

"ठावं हाय की, सिंधुताई," ते खाली बघत म्हणाले. "पर चांगली चालली तर तिला दाखवू काय?"

मला पुढं रागवता येईना. फार वाईट वाटलं.

गेल्या महिन्यात जावयानं, अकरमनं, गावाकडं येणाऱ्या कुणाच्या हाती फिल्टर पाठवला. सासऱ्यांची कटकट मिटावी, एवढाच त्या भल्या माणसाचा हेतू. जावयानं पाठवलेली वस्तू नाही कशी म्हणायची? अजीजभाईंनी तो आपल्या हातानं बोअरच्या नळाला बसवला. मशीन सुतासारखी सरळ झाली. तेव्हापासून शुक्रवारी फोन यायचा, "मशीन?" "ठीक है बेटा." की ठेवला. अजीजभाई चहासुद्धा अर्धा टाकायला लागले.

परवाच्या शुक्रवारी मी तिथंच बसलेली असताना फोन वाजला.

"अब्बा, मशीन?"

"एकदम अच्छी है बेटा."

या खेपेला तिनं फोन ठेवला नाही. मग हुमा हळूच म्हणाली, "अब्बा, वो फिल्टर निकाल डालो ना. मेरा जुम्मा नहीं कटता."

अजीजभाई पाना घ्यायला उठले, पण भरल्या डोळ्यांना तो समोर असून दिसेना. शेवटी मीच पाना उचलून त्यांच्या हातात दिला.