टॉवेलखालची टेरिका

एकोणीस वर्षांच्या पोरीला तुम्ही रुसकी म्हणालात, तेव्हा तुम्ही कुठे बसला होता?

आमच्या जिममध्ये नव्हता, एवढं मी छातीठोक सांगते. दोनच वर्षं शिकवणाऱ्या छोट्या कॉलेजातल्या पोरींचा बास्केटबॉल बघायला येतात किती माणसं? त्यातल्या प्रत्येकाला मी चेहऱ्याने ओळखते. तुम्ही घरी बसून व्हर्ना ड्रायलिंगचं वाक्य उचललंत आणि इंटरनेटवर आपल्या पानावर डकवलंत. म्हणून आधी व्हर्ना कोण ते ऐका.

आमचं गाव पश्चिम कॅन्ससमध्ये. व्हर्नाचा जन्म गेला धान्याच्या कोठारावर, ट्रकच्या वजनकाट्यापाशी. गव्हाचा ट्रक काट्यावर चढल्याशिवाय ती वजन सांगायची नाही. शेतकरी म्हणायचे, "अगं, अंदाजाने तरी सांग!" ही म्हणायची, "अंदाज घरी जाऊन बायकोला सांग." पोरींचं वजन मात्र ती नजरेने करायची. नवरा लेरॉय गेल्यापासून तर हेच तिचं जग. आज या हायस्कूलचा सामना, परवा त्या कॉलेजचा. बीरॉक, म्हणजे कोबी-खिमा भरलेले पाव, फॉइलमध्ये गुंडाळून घ्यायचे, गाडी काढायची आणि बघून आल्यावर विद्यापीठाच्या संघाच्या चाहत्यांचा इंटरनेटवर फळा आहे, त्यावर लिहायचं. कोणती पोर आपल्या संघात घेण्यासारखी, कोणती नाही. मुलांबद्दल लिहिणारे पन्नास असतात. पोरींबद्दल आमच्या भागात व्हर्ना एकटीच. त्यामुळे तिचं वाक्य लांबवर जायचं. कोच मंडळीही वाचायची, कबूल करायची नाहीत एवढंच.

तिची खास परीक्षा म्हणजे बाक. "बॉल हातात असताना कुणीही शहाणं दिसतं," ती शेजारी बसलेल्या मला म्हणायची. "बाहेर काढल्यावर काय करते ते बघ. मैत्रिणीने बास्केट केली की उठते का? टाळी देते का?"

टेरिका बोल्डन आमच्या कॉलेजात आली पाइन ब्लफहून, आर्कान्सामधून. लांब हात, मांजरीसारखे पाय. व्हर्ना तीन सामने बघून आली आणि लिहिलं: "हात सोन्याचे, मन रुसलेलं. बाहेर काढली की टॉवेल डोक्यावर घेऊन बसते. कुणासाठी उठत नाही."

झालं. 'रुसकी' हे नाव चिकटलं. दुसरं वर्ष चालू, वसंतात कॉलेज संपणार. मोठ्या कॉलेजने शिष्यवृत्ती देऊन उचललं तर पुढचं शिक्षण, नाहीतर परत घरी. विचारणा करणारे दोन कोच गप्प झाले.

फेब्रुवारीत बर्फ वितळलं आणि जिमचं छत गळायला लागलं. नेमकं घड्याळाखाली, जिथे व्हर्नाची उशी वर्षानुवर्षं ठेवलेली. तिथे बादली आली.

"माझी जागा आहे ती," व्हर्ना म्हणाली.

"मग बादलीत बस," मी म्हटलं. "चल पलीकडे."

पलीकडे म्हणजे आमच्या संघाच्या बाकामागे, खेळाडूंच्या घरच्यांत. टेरिका बाहेर आली, टॉवेल घेतला, बसली. व्हर्नाने मला कोपर मारलं, बघ म्हणून. तेवढ्यात टॉवेलखालून आवाज आला, "मूठ. डावा कोपरा." आमचा कोच पेन्नर ओरडला, "डावा कोपरा!" आमच्या पोरी सरकल्या आणि समोरच्यांचा पास थेट आमच्या हातात. मग पुन्हा, "दोन बोटं, खांद्यावर. मधून येणार." आणि मधूनच आले.

पोर रुसली नव्हती. समोरच्या कोचच्या हातांच्या खुणा वाचत होती. आपली नजर कुठे आहे ते कळू नये म्हणून टॉवेल. खूण चुकू नये म्हणून उठायचं नाही. घड्याळाखालून यातलं काही ऐकूच येत नव्हतं.

व्हर्नाच्या हातातला बीरॉक तसाच राहिला. सामना संपला. मग उठली ती तडक पेन्नरकडे.

"उद्या सकाळी फळ्यावर सगळं लिहिते," ती म्हणाली.

"व्हर्ना, लिहिलंस तर मंगळवारपर्यंत सगळे कोच खुणा बदलतील," पेन्नर म्हणाला. "विभागाची स्पर्धा तोंडावर आहे."

"आणि पोरीचं काय?" मी भडकले. "तुझी स्पर्धा होईल रे, तिचं वर्ष जाईल!"

तेवढ्यात टेरिका स्वतःच आली. "तुम्हीच ना मिस व्हर्ना? मला रुसकी म्हणणाऱ्या?"

आता आमच्यातला नियम समजून घ्या. विद्यापीठाच्या चाहत्याने मोठ्या कॉलेजात जाऊ शकणाऱ्या अशा खेळाडूला एक पाव खाऊ घातला तरी पोरीमागे चौकशी लागते, आपल्या संघासाठी फूस लावली म्हणून. व्हर्ना इतकी कडक, की ती खेळाडूंना साधं हॅलोही करायची नाही. म्हणूनच तर कधी विचारलं नव्हतं! तिने तोंड माझ्याकडे फिरवलं. "डार्ला, तिला सांग, मी चुकले."

"ऐकू येतंय मला," टेरिका म्हणाली.

"डार्ला, तिला विचार, लिहू का?"

"मिस डार्ला, त्यांना सांगा, आत्ता नाही. आधी स्पर्धा. मी टॉवेल काढला तर या पोरी हरतील." मग फॉइलकडे बघून, "आणि सांगा, पावाचा वास छान येतोय, पण मी मागणार नाही."

व्हर्ना हसली नाही. तिने माझं मनगट एवढं आवळलं की वळ उठला.

तिने फळ्यावर एवढंच लिहिलं: "टेरिकाबद्दल मी चुकले. कारण आत्ता सांगता येत नाही." आणि मग लोक तुटून पडले. कुणी म्हणालं, म्हातारी मऊ पडली. कुणी विचारलं, पोरीच्या आईने केक पाठवला का? मी उत्तर टाइप करून ठेवलं होतं, त्यात एकही शब्द छापण्याजोगा नव्हता.

"पुस ते," व्हर्ना म्हणाली. "शब्द दिलाय आपण."

"लोक तुझी चामडी सोलतायत!"

"सोलू देत. त्या पोरीची मी सोलली तेव्हा ती काही बोलली होती का?"

त्यानंतर व्हर्नाने टेरिकाचा एकही सामना सोडला नाही. गारपिटीत गेली, ताप असताना गेली. दर सामन्याला बाकामागेच बसली आणि फक्त डोळ्यांना दिसलं ते लिहिलं: कुठे धावली, कुणाला पास दिला, कुठे चुकली. विशेषणं बंद. घड्याळाखालची जागा छत दुरुस्त झाल्यावरही तिने घेतली नाही.

विभागाच्या उपांत्य सामन्यात आम्ही हरलो. टेरिकाने टॉवेल घडी करून बाकावर ठेवला आणि व्हर्नाकडे बघून होकाराची मान हलवली. त्याच दिवशी व्हर्नाने सगळं लिहिलं, मुठीपासून बोटांपर्यंत. वाचलं किती जणांनी? थोड्यांनी. जुनं वाक्य चार शब्दांचं, नवीन खुलासा दोन पानांचा. जुनंच अजून फिरतंय.

पण नेब्रास्काचा एक कोच गुरुवारी टेरिकाचा सराव बघायला येतोय. पेन्नरला फोनवर त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, "पोर रुसकी आहे म्हणतात, खरं का?" व्हर्ना गुरुवारी तिथे असणार. बोलणार नाही कुणाशी, बसणार फक्त. बाकामागे.

तुमच्या पानावर ते वाक्य अजून असेल, तर गुरुवारच्या आत पुसा. आणि पुसून थांबू नका, तिथे लिहा: आम्ही बघितलं नव्हतं.