कानिफनाथ सरांचा हवेचा प्रयोग

कानिफनाथ आव्हाडांनी बावीस वर्षं साखर कारखान्यावर उसाचा ट्रक चालवला. त्या ट्रकचं स्टिअरिंग वळवताना खांदे भरून यायचे, पण रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला कळायचा. आता ते सावेडीत मोटार चालवायला शिकवतात. शिकवायची नवी गाडी एका बोटानं वळते. तरी प्रत्येकाला ते सांगत, "हाताला काय कळतंय, तिकडं ध्यान द्या."

मार्चमध्ये पुष्पावतीबाई शिकायला आल्या. वय बावन्न, स्वतःची पिठाची गिरणी. चौथ्या दिवशी मनमाड रस्त्यावर त्या म्हणाल्या, "सर, डावीकडून येगळा आवाज येतोय."

कानिफनाथांनी शेजारून हात लांबवून स्टिअरिंग हलवून पाहिलं. "काय न्हाई. चला."

बाईंनी न विचारताच गाडी कडेला घेतली. पुढच्या डाव्या चाकात खिळा होता, हवा निम्म्यावर आली होती.

"कसं वळखलं?"

"गिरणीचा पट्टा ढिला झाला की मला आतल्या खोलीतून कळतं. हाताला मात्र काय समजलं न्हाई."

हे कानिफनाथांच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मैदानात त्यांनी त्याच चाकातली हवा मुद्दाम कमी केली आणि काही न सांगता शिकणाऱ्या पाच जणांना एकेक फेरी मारायला लावली. तिघांना काहीच जाणवलं नाही. रोहिणी नावाची नर्स म्हणाली, ब्रेक लावला की गाडी डावीकडं जाते. पुष्पावतीबाईंनी आवाजावरून सांगितलं. शेवटी कानिफनाथ स्वतः बसले, कानात कापूस घालून. स्टिअरिंग किंचित ओढतंय असं वाटलं. पण हवा कमी आहे हे माहीत असल्यानंच तसं वाटतंय का, ते त्यांना ठरवता येईना.

"जुन्या ट्रकसारखं जड स्टिअरिंग असतं तर बरं झालं असतं का?" त्यांनी बाईंना विचारलं.

"मग मी आलेच नसते. उजवा खांदा दुखतो माझा."

हल्ली कानिफनाथ शिकवण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारायला लावतात, टायर बघायला लावतात आणि पहिला किलोमीटर काचा खाली ठेवून, गाणी बंद करून चालवायला सांगतात.

पुष्पावतीबाईंना मे महिन्यात लायसन्स मिळालं. त्या राहात्याला बहिणीकडं एकट्या जाऊन आल्या. परतल्यावर कानिफनाथांनी विचारलं, "वाटंत हाताला काय कळलं?"

"घाम," त्या म्हणाल्या.