उत्कर्षाचा रेणू

आपली लेक दम्याचं औषध शोधते आहे, हे गोदाबाईंनी यवतमाळात गल्लीभर सांगून टाकलं होतं आणि वारज्याला लेकीकडे राहायला आल्यावर सगळ्या इमारतीतही सांगून टाकलं. परदेशी औषध कंपन्यांची कामं तेव्हा नुकतीच पुण्यात येऊ लागली होती आणि उत्कर्षा हिंजवडीत संगणकावर त्यांची आकडेमोड करते, एवढंच खरं होतं. पण आईच्या छातीतली घरघर ऐकतच ही पोर लहानाची मोठी झालेली. आईचं म्हणणं ती खोडून काढत नसे. खोटं कशाला, तिला ते आवडायचं.

श्वासनळीच्या पेशींच्या आवरणात एक प्रथिन रुतून बसलेलं असतं; औषधाने त्याला धरलं की नळी सैलावते. औषधाचा रेणू त्याला किती घट्ट धरेल, हे प्रयोगाआधीच गणिताने ताडायचं, हे तिचं काम. भोवतालच्या पाण्याचा कण न् कण धरत बसलं तर संगणकाला महिने पुरत नाहीत. म्हणून पाणी म्हणजे सगळीकडे सारखं पसरलेलं एक माध्यम मानायचं आणि पुढे जायचं. या गणितात शेकडो रेणूंमधून एक वर आला, तो उत्कर्षाने स्वतः रचलेला. ऑफिसात त्याला तिच्याच नावाने ओळखू लागले. तो प्रत्यक्ष बनवायला प्रयोगशाळेला कळवलंही गेलं.

त्याच आठवड्यात तिला एक लहर आली. आई पंपातून ओढते ते जुनं औषध तिने त्याच गणितात घालून पाहिलं. ते या प्रथिनाला धरतं, हे जगजाहीर. गणित म्हणालं, धरत नाही.

आईला तर त्या पंपाने रोज आराम पडत होता. उत्कर्षाने मागचं सगळं उकरून काढलं. गणिताची मांडणी आधीच्या एका प्रकल्पावरून जशीच्या तशी उचललेली होती, आणि तिथलं प्रथिन नुसत्या पाण्यात तरंगणारं होतं. इथे पेशीचं आवरण म्हणजे चरबीचा थर, आणि तो घालायचाच राहिला होता. तिच्या रेणूवर विद्युतभार जास्त. पाण्यात तो सुखात होता, चरबीशेजारी जाऊन बसणं त्याला जड जाणार होतं. थर घालून तिने पुन्हा गणित केलं. आईचं औषध वर आलं आणि तिचा रेणू तळाला गेला.

गप्प बसणं सोपं होतं. रेणू बनला असता, पुढे कधीतरी कुचकामी ठरला असता, आणि असं होतच असतं म्हणून कोणी तिला बोल लावला नसता. तोवर आईचं बोलणं खरं राहिलं असतं. तिला रडू आवरेना. तरी ती उठून गटप्रमुख शुभंकर सरांकडे गेली.

सरांनी आकडे दोनदा पाहिले. “उत्तम. सगळं मोजलं, फक्त प्रथिन जिथे राहतं ते घरच गाळलं आपण.” मग म्हणाले, “मांडणी उचलायला मीच सांगितलं होतं,” आणि प्रयोगशाळेला फोन लावला.

घरी गोदाबाईंनी ताट वाढलं. “काऊन वं, जेवत नाही?”

“आई, ते औषध होणार नाही. माझं चुकलं. ते लागूच पडलं नसतं.”

गोदाबाई धाप आवरत बसल्या. त्या रागावतील, निदान हळहळतील, असं तिला वाटलं होतं.

“बरं केलं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “मी त पंप फेकून तेच घेतलं असतं. तू केलेलं म्हटल्यावर इचारलंबी नसतं कोणाले.”