चुटकी आणि मधल्या तीन फ्रेम

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे नवरे, दीड शहाणे आहेत. हे त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथं लिहितो.

बाबा कंपवातानं गेले. त्यांचा हलता-बोलता असा एकच व्हिडिओ आमच्याकडं आहे, आजार कळायच्या वर्षभर आधीचा, अर्ध्या मिनिटाचा. मुकुंदवाडीतल्या घरासमोर खुर्ची टाकून ते बसलेत, जांभई देतात आणि तोंडासमोर चुटकी वाजवतात. बाकी काही नाही. मोबाइल भिकार, सेकंदाला जेमतेम पंधरा फ्रेम घेणारा, त्यामुळं सगळं धक्के खात चालतं. तो लावला की आई उठून जायची.

दाजींनी पुंडलिकनगरच्या घरात भिंतीएवढा टीव्ही घेतला आणि एका रविवारी दुपारी ‘बाबांना स्मूथ करून दाखवतो’ म्हणून आम्हाला बोलावलं. बाबा म्हणजे काय खड्ड्यांचा रस्ता?

टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर त्यांनी प्लेयरच्या तीन सेटिंग्ज तयार ठेवल्या होत्या. पहिलीत तीच फ्रेम पुन्हा पुन्हा दिसायची, धक्के तसेच. दुसरीत दोन फ्रेम एकमेकींत मिसळायच्या, बाबांना दोन-दोन नाकं. तिसरीत प्रत्येक दोन खऱ्या फ्रेमच्या मधे प्रोग्राम स्वतःच्या मनानं तीन नव्या रचून घालायचा. जांभई सुरेख आली. मग चुटकी. आवाज आला, पण अंगठा आणि बोट सुटलंच नाही, मेणासारखं एकमेकांत विरघळलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“दाजी, चारातल्या तीन फ्रेम खोट्या आहेत. हे बाबा नाहीत.”

“तुला लई कळतं. बघणाऱ्याला गोड दिसलं की झालं.”

“पहिली सेटिंग लावा.”

“नाय लावत. घर माझं, टीव्ही माझा.”

“बाप माझा!”

बहीण स्वयंपाकघरातून ओरडली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, आज आई उठून गेली नव्हती. ती टीव्हीच्या अगदी जवळ उभी होती.

“हात थरथरत नाय त्यांचा,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. व्हिडिओतले ते धक्के तिला थरथरच वाटायचे. आजार तेव्हाच लागला होता, आपण शेजारी असून ओळखला नाही, डॉक्टरकडं न्यायला वर्ष घालवलं, हे ती इतके दिवस एकटीच गिळत होती.

“जावईबापू, म्हंजी तवा त्यांना काय नव्हतं?”

“काय नव्हतं, आई. ठणठणीत होते.”

दाजी फटकन बोलून मोकळे झाले. खरं म्हणजे त्यातून काहीच कळत नव्हतं. हात खरोखर थरथरत असता, तरी त्या सेटिंगनं तो गुळगुळीतच केला असता. हे त्यांना माहीत होतं, मलाही.

आई माझ्याकडं वळली. “तू सांग. तू खोटं बोलत नाहीस.”

“व्हय,” मी म्हणालो. “काय नव्हतं.”

दाजींच्या बाजूनं मी आयुष्यात तेवढं एकदाच बोललो, आणि त्याबद्दल त्यांना अजून माफ केलेलं नाही.