घोटकाकू आणि सहाव्या नळाचं पाणी

धक्क्यावर नळ अकरा होते आणि त्या अकरांवर एक काकू. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. बाकी जगासाठी त्या घोटकाकू. धक्क्याला लागलेल्या बोटींना प्यायचं पाणी जोडून द्यायचं, हे त्यांचं काम. जोडण्याआधी त्या पाण्याचा एक घोट त्या स्वतः घ्यायच्या, म्हणून हे नाव. बावीस वर्षांत हा घोट एकदाही चुकला नव्हता. कुणी थट्टा केली तर म्हणायच्या, "तुमच्या पोटात जायचंय ना? मग आधी माझ्या पोटाला विचारलेलं बरं."

त्यांची रीत ठरलेली. आधी नळ सोडून मनात शंभर मोजायचे, म्हणजे रात्रभर पाइपात बसलेलं पाणी निघून जातं. मग स्टीलच्या पेल्यात घोट. मग पांढरा पाइप जोडायचा. तो फक्त पिण्याच्या पाण्याचा, त्याने डेक धुवायला मागणाऱ्याची त्या तिथेच हजेरी घ्यायच्या. पाइपाचं टोक समुद्रात पडू द्यायचं नाही. आणि बोटवाला बाजारात निघाला की नळ बंद. या शेवटच्या नियमाला कारण होतं. एकदा एक जोडपं नळ चालू ठेवून जेवायला गेलं, बोटीच्या आतला बारीक पाइप दाबाने फाटला आणि दोन तासांत बोट धक्क्यालाच बांधलेली असताना बुडाली. वादळ नाही, भोक नाही. चक्क नळाच्या गोड्या पाण्याने! काकू ही गोष्ट अजून डोळे मोठे करून सांगायच्या. त्यांना अशा गोष्टींचं भारी वेड. बोट कुठून आली, तिथलं पाणी कसं लागतं, टाकी पत्र्याची की प्लॅस्टिकची, हे विचारल्याशिवाय त्यांचा पाइप जोडला जात नसे.

तर अशा काकूंना एका मंगळवारी सकाळी सहाव्या नळाचं पाणी खारट लागलं.

त्यांनी ते थुंकून टाकलं, पुन्हा घेतलं. खारट. त्या धावत ऑफिसात गेल्या. नवे साहेब सभ्य माणूस, लगेच बाटली घेऊन आले, पण तोवर अर्धा तास गेलेला. त्यांनी चाखलं, "छान आहे की." बाटली तपासायला गेली, तीही पास होऊन आली. शुक्रवारी पुन्हा तेच. काकूंना खारट, साहेबांना छान.

"काकू, वय झालं की तोंडाची चव जाते. माझ्या आईचं असंच झालं," साहेब म्हणाले. "अजून एकदा असं झालं, तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही तिकिटाच्या खिडकीत बसा. सावलीत, आरामात."

आरामात! तिकिटाच्या खिडकीतून समुद्रसुद्धा दिसत नव्हता. घरी त्यांनी मुलाला मिठाचं पाणी करायला लावलं. डोळे मिटून पाच पेले चाखले आणि मीठ कशात ते पाचही वेळा बरोबर सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, तुझी जीभ शाबूत आहे. आता झोपू दे मला."

म्हणजे जीभ खोटी नव्हती. मग समुद्र पाइपात शिरला कुठून? पाणी टेकडीवरच्या टाकीतून उतरतं, किनाऱ्यावरून धक्क्यावर येतं, पहिल्या नळापासून अकराव्यापर्यंत जातं. ते पुढेच जाणार, मागे कशाला येईल? काकूंच्या डोक्यात किडा वळवळू लागला. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे, हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागेना.

मंगळवार आणि शुक्रवार. या दोन दिवशी असं काय असतं? दोन दिवसांनी, ऑफिसच्या पायरीवर चहा पिताना, त्यांचं लक्ष शेजारच्या बर्फाच्या कारखान्याकडे गेलं. चौकीदार म्हणाला, "नव्या मोठ्या टाक्या भरतो ना आम्ही आता, तुमच्याच पाइपावरून, मंगळवारी आणि शुक्रवारी. आठ वाजता मोठा व्हॉल्व्ह उघडतो. मग काय, आमच्या संडासातसुद्धा धार येत नाही."

काकूंनी चहा तसाच ठेवला.

मंगळवारी पावणेआठलाच त्या सहाव्या नळाशी हजर. तिथे एक पांढरी बोट टाकी भरत होती; नवरा-बायको आणि तीन वर्षांची चिमुरडी, दहा दिवसांच्या प्रवासाला निघालेली. काकूंचा घोट झाला होता, पाणी गोड होतं. शेजारी सातव्या नळाला त्यांच्या धाकट्या भावाची प्रवासी लाँच. भाऊ पंचवीस वर्षं बोट चालवत होता आणि तितकीच वर्षं आळशी होता. नळ बंद करायला धक्क्यावर चढावं लागतं, म्हणून तो पाइपाला मुरड घालून सुतळीने बांधायचा आणि टोक बोटीच्या कडेवरून पाण्यात सोडून द्यायचा. काकू हजारदा ओरडल्या होत्या.

आठ वाजले. सहाव्या नळाची धार बारीक होत थांबली. काकू लाँचवर उतरल्या आणि भावाच्या पाइपाचं टोक समुद्रातून वर ओढलं. सुतळी ढिली होती. त्यांनी टोकावर तळहात ठेवला.

पाइपाने तळहात ओढून घेतला.

काकू चमकल्या. मग त्यांना हसूच आलं. पाइप पाणी पीत होता! कारखान्याने खाली ओढलं की हा समुद्र पिऊन वर ढकलत होता, आणि दाब परत आला की तेच पाणी सहाव्या नळातून बाहेर. हसू अर्ध्यावरच विरलं. असं होऊच नये म्हणून तर प्रत्येक नळाच्या मानेला पितळी झडप असते. पाणी पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. सातव्याची कुठे गेली?

आणि त्यांना आठवलं. चार महिन्यांपूर्वी भाऊ म्हणाला होता, "ताई, धार फार बारीक येते गं, उतारू खोळंबलेत. आजच्या दिवस ती झडप काढ ना." त्यांनी काढली होती. पेल्याच्या पिशवीत टाकली होती. आणि विसरल्या होत्या.

आधी त्यांनी धावत जाऊन सहावा नळ बंद केला. "टाकी भरू नका! आधीचं आहे ते चांगलं, आता येईल ते नाही!" बाई घाबरून मुलीला उचलून उभी राहिली. मग काकू पिशवीत हात घालून उभ्या राहिल्या. बोटांना पितळ लागलं.

गुपचूप बसवली असती तर पाणी कायमचं गोड झालं असतं. पण मग साहेब म्हणाले असते, बघा, खारट नव्हतंच. काकूंची जीभ म्हातारी ठरली असती आणि भाऊ सुटला असता, त्यासुद्धा सुटल्या असत्या. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. त्या काही संतमहात्मा नव्हत्या. पण ती चिमुरडी अंगठा चोखत त्यांच्याकडेच बघत होती.

त्यांनी साहेबांना बोलावलं. दाब परत आला तसा सहावा नळ सोडला आणि पेला पुढे केला. साहेबांनी घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"खारट! काकू, तुमचं बरोबर होतं!"

"जिभेचं बरोबर होतं," काकू म्हणाल्या आणि पितळी झडप त्यांच्या हातात ठेवली. "हाताचं नव्हतं. ही मीच काढली होती, भावाच्या भिडेखातर."

साहेब बराच वेळ झडप उलटीपालटी करत राहिले. पांढरी बोट अकराव्या नळावरून पाणी चाखून, भरून निघून गेली. भावाला महिनाभर धक्का बंद झाला. आणि काकू सहा महिन्यांसाठी तिकिटाच्या खिडकीत गेल्या; साहेबांपुढे दुसरा इलाज नव्हता, आणि काकूंनी मागितलाही नाही.

पहिल्या सकाळी खिडकीसमोर रांग लागली होती. उतारूंच्या हातांमधून एक हात आत आला. त्यात पैसे नव्हते, स्टीलचा पेला होता.

"काकू, जरा बघता?" बाहेर साहेब उभे होते. "अकरा आहेत. हा पहिला."

काकूंनी घोट घेतला. जिभेवर घोळवला. रांगेतले लोक कुरकुरू लागले तरी सावकाश गिळला.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. आणि पेला परत देताना हात जरा थांबला. "पण झडप बघितलीत का?"