जयवंती अक्का प्रोसेसर बघतात

जयवंती अक्कांना लग्नं जमवायचा नाद होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर चेन्नईतल्या तंजावर-मराठी घरांतली सगळी लग्नाची मुलंमुली त्यांनी परस्पर दत्तक घेतली, तीही फुकट. मी मूळची नाशिकची, रुचिरा. अंबत्तूरला सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करायचे आणि विल्लिवाक्कमला अक्कांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. कॉम्प्युटर अडला की अक्का आधी गणपतीला हात जोडायच्या आणि मग मला हाक मारायच्या. हा क्रम मला मुळीच मान्य नव्हता.

पत्रिका त्या लॅपटॉपवर जुळवायच्या. आपल्याकडे छत्तीस गुण बघतात, त्यांच्यात तमिळ पद्धतीची दहा पोरुत्तं. त्यातलं एक 'रज्जू', नवऱ्याच्या आयुष्याचं. ते जमलं नाही की बाकीची नऊ जमूनही लग्न मोडतं. अक्कांचा नियम असा, की निकाल जो येईल तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. आपलं-परकं नाही. या नियमापायी त्यांनी सख्ख्या भावाच्या मुलीची, शर्मिष्ठाची, जमत आलेली तीन स्थळं स्वतःच्या तोंडाने मोडली होती. दर वेळी रज्जू आडवा यायचा. शर्मिष्ठा गुम्मिडिपूंडीला पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर. पोरगी हुशार आणि सरळ, पण आता कंटाळली होती.

"अत्ते, हा शेवटचा वधूवर मेळावा," ती म्हणाली. "याच्यानंतर मला बोलवायचं नाही."

अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत.

ही गोष्ट २००९ची. मेळाव्याच्या आधी अक्कांचा भाचा अद्वय सिंगापूरहून एक छोटा, नवा लॅपटॉप घेऊन आला. त्यात अ‍ॅटम प्रोसेसर होता, १.६ गिगाहर्ट्झचा. अक्कांच्या जुन्यात पेंटियम एम, १.२चा.

"यात विचार काय करायचा?" मी म्हटलं. "आकडाच सांगतोय, नवा जोरात आहे."

"मुलगा बघताना पहिलं पगार विचारतात काय गे?" अक्का म्हणाल्या. "काम करताना बघूया."

मग जेवणाच्या टेबलावर दोघांना शेजारी बसवून स्थळं बघायचा कार्यक्रम झाला. दोघांना एकच पत्रिकांची जोडी दिली. अक्कांचं सॉफ्टवेअर कोणा ओळखीच्याच्या मुलाने लिहिलेलं, एका जोडीसाठी जन्मभराच्या दशा काढत बसणारं. जुन्याचा पंखा घरघरला आणि निकाल आलासुद्धा. नवा अजून ग्रह मांडत होता. मला तो माझाच अपमान वाटला. इंटरनेटवर बरंच वाचून मी अक्कांना समजावलं, की जुना पुढची कामं आधीच हेरून जी होण्यासारखी असतील ती उरकून टाकतो. नवा हातातलं संपल्याशिवाय पुढच्याला हात लावत नाही. वीज कमी लागावी म्हणून त्याला मुद्दाम तसं घडवलंय. आकड्यावर जाण्यात अर्थ नव्हता.

अक्कांनी ताप बघावा तसा दोघांच्या पोटाखाली हात लावला. जुना चटका देत होता, नवा जेमतेम कोमट. वायर काढल्यावर जुना टीव्हीवरची एक जाहिरात संपेपर्यंतही टिकला नाही. नवा दुपारच्या कॉफीला सुरू केलेला, दिवेलागणीलाही चालूच होता.

"हा हुशार, पण खादाड नि तापट," अक्का म्हणाल्या. "तो मंद, पण सोशिक. मेळाव्यात अस्के घाईत असतात. हुशारच होणें." म्हणजे सगळे घाईत, तेव्हा हुशारच हवा. तरी नवा मी माझ्या पिशवीत टाकला, कारण चेन्नईत तेव्हा करंट जायची वेळ ठरलेली असली तरी त्या वेळेवर कोणाचाच विश्वास नव्हता.

मेळाव्यात सकाळभर जुन्याने कमाल केली. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसायची, अक्का बटण दाबायच्या, कॉफी येईपर्यंत निकाल हजर. जमत नाही म्हटलं की खुर्च्या सरकवून माणसं उठायची. कित्येकांनी एकमेकांची नावंही विचारली नाहीत. दुपारपर्यंत एकही लग्न पुढे सरकलं नव्हतं आणि अक्कांचा चेहरा उतरला होता.

जेवणं झाल्यावर शर्मिष्ठाची पाळी आली. समोर संताजी, कोवलमला मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्याचं वर्कशॉप चालवणारा. अक्कांनी बटण दाबलं आणि करंट गेला. पंखे थांबले. जुन्याने दोन श्वास घेतले आणि मान टाकली.

मी नवा बाहेर काढला. करंट कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून त्याला वीज वाचवायच्या सेटिंगवर टाकला. मुळात मंद, त्यात उपाशी. पडद्यावरचा गोल फिरायला लागला तो फिरतच राहिला. अक्का मनात स्तोत्र म्हणत होत्या, ओठ हलताना दिसत होते.

बोलायला काहीतरी हवं म्हणून संताजीने विचारलं, "कारखान्यात करंट गेला तर भट्टीचं काय होतं?"

झालं! शर्मिष्ठाने कागदाच्या वाट्या घेऊन भट्टी मांडली. त्याने चमचा घालून खाऱ्या पाण्याने गंजलेलं इंजिन दाखवलं. "असं इंजिन होडीत कोण बसवतं? बुडाल की!" ती म्हणाली. "बुडालोय ना, दोनदा!" तो म्हणाला. ती अशी खळखळून हसली की आजूबाजूचे वळून बघायला लागले. माझ्यासमोरची कॉफी गार झाली होती आणि मला फार, फार बरं वाटत होतं.

निकाल आला तो अक्कांनी आणि मीच पाहिला. नऊ जमली होती. रज्जू नव्हता.

अक्कांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. अक्षरं तीच होती.

"काय आलं, अत्ते?" शर्मिष्ठाने विचारलं. ओठांवर हसू होतं, पण चमच्यावरचा हात थांबला होता.

अक्कांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

"बॅटरी गेली गे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोला."

आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर त्यांनी पदर ओढून घेतला, कारण त्याचा हिरवा दिवा अजून चांगला लुकलुकत होता.